संगणकाच्या पडद्यावरील चित्रखुणा : ‘मूर्ती’कडून ‘पाटी’कडे
(इ. स. १९७५ ते २०१८ या कालखंडाचा ऐतिहासिक आढावा)

प्रस्तावना :

संगणकाचा इतिहास लिहिताना यंत्राचा वेग, स्मरणक्षमता आणि घटत गेलेला आकार यांची चर्चा प्रामुख्याने केली जाते. वापरणाऱ्याचा ज्या गोष्टीशी रोज संबंध येतो, ती पडद्यावरील लहानशी चित्रखूण, म्हणजेच ‘आयकॉन’, या इतिहासात बहुधा उपेक्षित राहते. प्रस्तुत निबंधात फाईलसाठी डेस्कटॉपवर आयकॉन तयार करण्याच्या सोयीचा आणि त्यासाठी निर्माण झालेल्या युटिलिटी आज्ञावलींचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे.

या आढाव्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. पडद्यावर दिसणारी खूण ही प्रत्यक्ष फाईल असते, की फाईलकडे नेणारी केवळ एक पाटी असते? या प्रश्नाचे उत्तर चार दशकांत बदलत गेले. परंतु खुणेचे बाह्यरूप जवळजवळ तेच राहिले. विद्यार्थ्याचा प्रकल्प-अहवाल किंवा प्राध्यापकाच्या प्रबंधाचे प्रकरण पेनड्राइव्हमध्ये खरोखर उतरले आहे की नाही, हे याच उत्तरावर अवलंबून असते. त्यामुळे हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांपुरता मर्यादित राहत नाही.

१) आयकॉनपूर्व काळ : नाव हीच ओळख

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी माऊससह संगणकाच्या वापराचे जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक दाखविले, त्यात पडद्यावर मजकूर होता. परंतु फाईलींची चित्रे नव्हती. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉस प्रणालीतही फाईलची ओळख म्हणजे तिचे नाव होते. हे नाव आठ अक्षरांचे आणि त्यापुढील विस्तारनाम तीन अक्षरांचे, अशी मर्यादा होती. नाव अचूक टंकलिखित केले तरच फाईल उघडत असे.

‘एका जागी खूण, दुसऱ्या जागी वस्तू’ ही कल्पना मात्र चित्रांवाचूनही अस्तित्वात आली होती. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत ‘सिम्बॉलिक लिंक’ची सोय उपलब्ध झाली. एका लहान नोंदीत दुसऱ्या फाईलचा पत्ता साठविलेला असे. पुढे ‘शॉर्टकट’ या नावाने घरोघरी पोहोचलेल्या कल्पनेचे हे चित्रहीन पूर्वरूप म्हणता येईल. ही नोंद वापरणारा वर्ग मात्र जाणकारांचा होता. मूळ फाईल कोणती आणि तिचा पत्ता कोणता, याविषयी त्यांच्या मनात सहसा संभ्रम नसे.

२) संज्ञेचा उगम : खूण हीच वस्तू

संगणकाच्या संदर्भात ‘आयकॉन’ ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांना दिले जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७५ साली सादर केलेल्या ‘पिग्मॅलियन’ या प्रबंधात त्यांनी ती वापरली. ही संज्ञा त्यांनी रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या परंपरेतून घेतली होती. त्या परंपरेत संताचे चित्र हे केवळ चित्र मानले जात नाही. ज्याचे ते चित्र आहे त्याचे गुण त्यात वसतात, अशी श्रद्धा असते. मराठी वाचकाला ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती आणि देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लावलेली पाटी यांतील भेद सर्वपरिचित आहे. स्मिथ यांना अभिप्रेत असलेला आयकॉन हा मूर्तीच्या जातीचा होता.

स्मिथ पुढे झेरॉक्स कंपनीत गेले. २७ एप्रिल १९८१ रोजी जाहीर झालेल्या ‘झेरॉक्स ८०१० स्टार’ या संगणकाच्या रचनेत त्यांचा सहभाग होता. स्टारच्या पडद्यावर कार्यालयातील टेबलाची प्रतिमा साकारली होती. कागद, फोल्डर, कपाट, मुद्रक, आलेल्या व जाणाऱ्या टपालाचे ट्रे या सर्वांच्या चित्रखुणा त्यावर होत्या. या खुणांसाठी निरनिराळ्या रचनाकारांनी चार संच तयार केले, त्यांच्या चाचण्या घेतल्या आणि नंतरच अंतिम निवड केली. नॉर्मन कॉक्स यांचे नाव या चित्रांशी जोडले जाते.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. स्टारमध्ये टेबलावरील कागदाची खूण म्हणजे तो दस्तऐवजच होता. ती खूण हलविली की दस्तऐवज हलत असे आणि मुद्रकाच्या खुणेवर नेली की तो छापला जात असे. खूण व वस्तू यांत अंतर नव्हते. मात्र या खुणा कशा दिसाव्यात हे ठरविण्याचा अधिकार रचनाकारांकडे होता.

३) मॅकिंटॉश : एक हजार चोवीस बिंदूंची चौकट

जानेवारी १९८३ मध्ये अ‍ॅपल कंपनीचा ‘लिसा’ आणि २४ जानेवारी १९८४ रोजी ‘मॅकिंटॉश’ हे संगणक बाजारात आले. लिसाची किंमत ९,९९५ डॉलर, तर मॅकिंटॉशची २,४९५ डॉलर होती. चित्रखुणांचा पडदा सामान्य ग्राहकाच्या आवाक्याच्या दिशेने सरकल्याचे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते.

मॅकिंटॉशच्या खुणा सुझन केअर या कलावतीने रेखाटल्या. केअर यांचे शिक्षण कलाक्षेत्रातील होते, संगणकशास्त्रातील नव्हे. प्रारंभी त्यांनी आलेखवहीच्या चौकोनांत रंग भरून खुणा तयार केल्या. पुढे अँडी हर्ट्झफेल्ड यांनी त्यांच्यासाठी आयकॉन रेखाटण्याची एक आज्ञावली लिहिली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे. कारण चित्र काढणारी व्यक्ती आणि आज्ञावली लिहिणारी व्यक्ती या वेगळ्या असू शकतात, हे युटिलिटीमुळे शक्य झाले. बत्तीस उभ्या व बत्तीस आडव्या ओळींची चौकट म्हणजे १,०२४ बिंदू. प्रत्येक बिंदू काळा अथवा पांढरा असल्याने संपूर्ण चित्र अवघ्या १२८ बाइटमध्ये मावत असे. केअर यांच्या या वह्यांची पाने २०१५ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात दाखल झाली.

मॅकिंटॉशमध्ये प्रत्येक फाईलसोबत चार-चार अक्षरांचे दोन संकेत साठविलेले असत. एक संकेत फाईलचा प्रकार सांगे, तर दुसरा ती निर्माण करणाऱ्या आज्ञावलीचा असे. त्यावरून त्या फाईलला कोणते चित्र द्यायचे हे प्रणाली ठरवीत असे. ‘रेसएडिट’ ही अ‍ॅपलची युटिलिटी वापरून जाणकारांना आज्ञावलीतील चित्रे बदलता येत. पण ते काम जोखमीचे होते.

मे १९९१ मध्ये आलेल्या ‘सिस्टिम ७’ने दोन गोष्टी एकाच वेळी सर्वांच्या हाती दिल्या. फाईलच्या माहितीच्या खिडकीत कोणतेही चित्र चिकटवून तिची खूण बदलता येऊ लागली, हे पहिले. आणि ‘एलियस’ या नावाने एकाच फाईलसाठी दुसऱ्या जागी प्रतिनिधी-खूण ठेवता येऊ लागली, हे दुसरे. या प्रतिनिधीचे नाव तिरप्या अक्षरांत दिसे. मूर्तीशेजारी पाटी उभी राहिली होती. परंतु ती पाटी आहे हे अक्षरांच्या वळणावरून ओळखता येत होते.

४) विंडोज : पाट्यांचे राज्य

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये हा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. २२ मे १९९० रोजी प्रसिद्ध झालेल्या विंडोज ३.० मध्ये ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ होता. त्यातील खुणा म्हणजे फाईली नव्हत्या, तर केवळ नोंदी होत्या. खूण पुसली तरी आज्ञावली डिस्कवर कायम राहत असे. नव्या नोंदीसाठी वर्णन, आदेशाची ओळ आणि चित्र अशी माहिती भरावी लागे. १९९२ च्या ३.१ या आवृत्तीसोबत ‘मोरआयकॉन्स’ या नावाचा चित्रांचा वेगळा संग्रहही देण्यात आला. ज्या जुन्या डॉस आज्ञावलींना स्वतःचे चित्र नव्हते, त्यांची त्यामुळे सोय झाली. व्हिज्युअल बेसिकसोबत नमुना म्हणून मिळणारी ‘आयकॉनवर्क्स’ आणि पुढे ‘मायक्रोअँजेलो’ यांसारख्या युटिलिटींनी स्वतःचे चित्र स्वतः रेखाटण्याची सोय केली.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ मध्ये डेस्कटॉपला आजचे परिचित रूप लाभले. फाईलवर माऊसचे उजवे बटण दाबून शॉर्टकट तयार करण्याची सोय प्रणालीतच अंतर्भूत झाली. शॉर्टकट ही स्वतः एक छोटी फाईल असते. तिच्यात मूळ फाईलचा पत्ता आणि दाखवावयाच्या चित्राचे स्थान नोंदविलेले असते. मूळ मजकुराचे एक अक्षरही तिच्यात नसते. खुणेच्या कोपऱ्यातील लहानसा बाण एवढीच तिची ओळख.

परिणामी एकाच पृष्ठभागावर तीन प्रकारच्या खुणा एकत्र आल्या : डेस्कटॉपवरच साठविलेल्या खऱ्या फाईली, दूरच्या फाईलींकडे नेणारे शॉर्टकट आणि ‘माय कॉम्प्युटर’ अथवा ‘रिसायकल बिन’ यांसारख्या प्रणालीच्या स्वतःच्या खुणा. खरी फाईल पुसली तर मजकूर जातो. शॉर्टकट पुसला तर काहीच बिघडत नाही. शॉर्टकटची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, तर दुसऱ्या संगणकावर तो पत्ता निरर्थक ठरतो. दिसण्यात फरक एका बाणाचा. परिणामात फरक महिनोन्‌महिन्यांच्या श्रमाचा.

५) लिनक्स : उघड लिहिलेली पाटी

लिनक्सवरील केडीई (पहिली आवृत्ती १९९८) व ग्नोम (पहिली आवृत्ती १९९९) या पर्यावरणांनीही डेस्कटॉपची हीच कल्पना स्वीकारली. पुढे दोहोंसाठी समान असा ‘डेस्कटॉप एन्ट्री’चा संकेत ठरला. या पद्धतीत खूण म्हणजे साध्या मजकुराची फाईल असते. नाव, चित्र आणि चालवावयाचा आदेश अशा ओळी तिच्यात असतात आणि कोणत्याही मजकूर-संपादकात उघडून त्या वाचता येतात. युटिलिटी वापरली तर ती या ओळीच भरून देते. पाटीवर काय लिहिले आहे हे पाहण्याची मुभा येथे वापरणाऱ्याला राहिली, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

मार्च २०१८ मध्ये ग्नोम ३.२८ सोबत त्याच्या फाईल-व्यवस्थापकातून डेस्कटॉपवरील खुणांची सोय काढून टाकण्यात आली. अनेक वितरणांनी ती पूरक आज्ञावलींद्वारे पुन्हा उपलब्ध केली. रचनाकारांना अनावश्यक वाटलेली गोष्ट वापरणाऱ्यांना हवी होती, असा याचा अर्थ घेता येईल.

६) खूण आणि विश्वास

खूण व वस्तू यांतील अंतराचा गैरफायदा घेतला जाणे अटळ होते. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ हा उपद्रवी संदेश जगभर पसरला. सोबतच्या फाईलच्या नावात ‘टीएक्सटी’ ही अक्षरे होती. परंतु त्यापुढील खरे विस्तारनाम विंडोजच्या मूळ मांडणीत लपविलेले असे. वाचणाऱ्याला ते प्रेमपत्र वाटले. प्रत्यक्षात ती चालणारी आज्ञावली होती.

जून २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने त्याही पुढची पायरी गाठली. शॉर्टकटचे चित्र दाखविताना विंडोज जी प्रक्रिया करीत असे, तिच्यातील दोषाचा त्यात वापर केला होता. पेनड्राइव्हमधील खूण उघडण्याचीही आवश्यकता नव्हती. ती पडद्यावर दिसणे पुरेसे होते. मायक्रोसॉफ्टने २ ऑगस्ट २०१० रोजी दुरुस्ती प्रसिद्ध केली.

सामान्य वापरकर्त्याला अधिक परिचित असलेला प्रकार म्हणजे ‘शॉर्टकट व्हायरस’. यात पेनड्राइव्हमधील खरे फोल्डर अदृश्य केले जातात आणि त्यांच्याच नावाचे व चित्राचे शॉर्टकट त्यांच्या जागी ठेवले जातात. त्यावर क्लिक करणारा विद्यार्थी आपले फोल्डर उघडतो असे समजतो; प्रत्यक्षात तो उपद्रवी आज्ञावली चालू करतो. मूळ फाईली बहुधा पेनड्राइव्हमध्येच शाबूत असतात. परंतु खूण आणि वस्तू यांतील भेद माहीत नसल्यास घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट केला जातो आणि विषाणूने न केलेले नुकसान अज्ञानामुळे घडते.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. १९७५ ते १९८१ या काळात आयकॉनची कल्पना ‘खूण हीच वस्तू’ अशी होती. १९९० नंतर, विशेषतः १९९५ पासून, ‘खूण म्हणजे पत्ता’ ही कल्पना तिच्या बरोबरीने रूढ झाली.

२. युटिलिटींमुळे खूण घडविण्याचा अधिकार रचनाकारांकडून सामान्य वापरकर्त्याकडे आला. हे संगणकाच्या लोकशाहीकरणाचे एक दुर्लक्षित अंग होय.

३. अधिकार हस्तांतरित झाला, परंतु त्यासोबत आवश्यक असलेले ज्ञान त्याच प्रमाणात पोहोचले नाही. शॉर्टकट कसा तयार करावा हे शिकविले जाते. शॉर्टकटमध्ये काय नसते, हे सांगण्याचे बहुधा राहून जाते.

मंदिराची पाटी घरी आणल्याने देव घरी येत नाही, हे कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. पडद्यावरील खुणेबाबत मात्र ते पटवून द्यावे लागते. कारण तेथे पाटी आणि मूर्ती यांचे रूप एकच असते. संगणकाच्या पहिल्याच तासिकेत विद्यार्थ्याला खुणेचे गुणधर्म उघडून तिचा प्रकार, आकारमान व पत्ता वाचण्यास शिकविणे, एवढी साधी कृती या दृष्टीने उपयुक्त ठरेल. त्यासाठी नव्या यंत्राची वा खर्चाची गरज नाही. गरज आहे ती चित्रापलीकडे पाहण्याच्या सवयीची.