पोकरमध्ये फ्लॉपवर किती रकमेची बेट लावायची, हे कसं ठरतं?

तीन पत्तीत चाल आधीच्या रकमेला बांधलेली असते. नो-लिमिट टेक्सास होल्डेममध्ये तसं नाही. तिथे किमान मर्यादा पाळली की पुढे समोरच्या सगळ्या चिप्स लावायचीही मुभा असते. त्यामुळे टेबलावर पहिले तीन पत्ते उघडले, म्हणजे ‘फ्लॉप’ आला, की बेट लावायची का याइतकाच ती केवढी लावायची हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

इथे आकडा चिप्समध्ये मोजत नाहीत, पॉटच्या तुलनेत मोजतात.

समजा, पॉटमध्ये १०० चिप्स आहेत. तुम्ही ५० लावल्या, तर समोरच्याला ५० भरून एकूण २०० च्या पॉटसाठी खेळता येतं. म्हणजे जिंकण्याची शक्यता २५ टक्के असली तरी त्याचा हिशेब जुळतो. तुम्ही ३३ च लावल्या तर त्याला साधारण २० टक्के पुरतात. पूर्ण १०० लावल्या तर ३३ टक्के लागतात. थोडक्यात, पुढचा पत्ता बघण्याची किंमत तुम्ही ठरवत असता.

आता त्याच्या हातात दोन बदाम आणि फ्लॉपवर दोन बदाम आहेत असं धरू. न दिसलेल्या ४७ पत्त्यांपैकी ९ बदाम उरतात, म्हणजे पुढच्याच पत्त्यावर फ्लश लागण्याची शक्यता सुमारे १९ टक्के. ३३ च्या बेटला त्याचा कॉल जवळपास फुकटात पडतो, १०० च्या बेटला तो महागात जातो. (उरलेले दोन्ही पत्ते धरले तर शक्यता ३५ टक्क्यांवर जाते. पण दुसरा पत्ता बघायला बहुतेक वेळा पुन्हा पैसे भरावे लागतात, हे नवखे खेळाडू हमखास विसरतात.)

मग नेहमी मोठीच बेट का नाही?

कारण ब्लफही करायचा असतो. ३३ ची ब्लफ चारपैकी एकदा चालली तरी नुकसान होत नाही, १०० ची मात्र दोनपैकी एकदा चालावी लागते. इस्पिकचा राजा, चौकटची सत्ती, किलवरची दुर्री असा कोरडा फ्लॉप आला, तर फ्लॉपआधी रेज केलेल्याकडे राजा असण्याची शक्यता जास्त, आणि समोरच्याला बहुधा काहीच लागलेलं नसतं. तिथे पॉटच्या एक तृतीयांश बेट अनेक हातांनी लावता येते. नव्वी-अठ्ठी-सत्ती आणि त्यात दोन बदाम असले, की चित्र उलटं. असे पत्ते कॉल करणाऱ्याला जास्त मानवतात. म्हणून तिथे अनेकदा चेक करतात, आणि लावलीच तर बेट मोठी असते.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे चांगला हात आला की मोठी बेट, कच्चा आला की छोटी. सावध प्रतिस्पर्धी दहा-बारा डावांत हे ओळखतो. म्हणून एका प्रकारच्या फ्लॉपवर पक्के आणि कच्चे हात एकाच आकाराच्या बेटने खेळतात.

समोर किती चिप्स उरल्यात, हेही बघावं लागतं. १०० च्या पॉटवर तिन्ही टप्प्यांत पॉटएवढी बेट लावली आणि दरवेळी कॉल मिळाला, तर १००, ३०० आणि ९०० अशा १३०० चिप्स आत जातात. दरवेळी एक तृतीयांश लावली, तर जेमतेम १८०. शेवटच्या टप्प्यावर मोठा पॉट हवा असेल तर त्याची तयारी फ्लॉपवरच सुरू होते.

टेबलावर तीन-चार जण उरले असतील तर ब्लफ कमी करणं बरं. कुणाला तरी काहीतरी लागलेलं असतंच.

पॉटपेक्षा मोठी बेट फार जणांना वेडेपणा वाटायची. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणक प्रणालीने पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवलं, आणि त्यात अशा बेट सर्रास होत्या.

भारतात २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, त्यात ऑनलाइन पोकरही येतं. वरचा हिशेब मात्र घरी शेंगदाणे लावूनही तपासता येतो.