हुकूमनाम्यापासून तिजोरीपर्यंत

'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण आपल्या खेड्यापाड्यांत कुणाला ठाऊक नाही? एखादा दाखला उशिरा मिळाला, तर माणूस ही म्हण म्हणतो, हसतो आणि सोडून देतो. पण समजा, कोर्टाने सरकारच्या विरुद्ध निकाल दिला, रक्कमही ठरवून दिली आणि तरीही वर्षानुवर्षे पैसा हाती पडला नाही, तर? तेव्हा हसू येत नाही. कारण तो पैसा कुणाच्या मेहेरबानीचा नसतो, हक्काचा असतो. कोर्टात जिंकणे वेगळे आणि तिजोरीतून पैसा निघणे वेगळे, हे दुखणे आजकालचे नाही. त्याचा इतिहास साडेतीनशे वर्षांचा आहे.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचे नाव आपल्याला परके नाही. पोर्तुगीज राजकन्येशी लग्न ठरले तेव्हा मुंबई त्याला आंदण मिळाली, आणि १६६८ साली त्याने ती सालीना १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. हा राजा सदा पैशाच्या अडचणीत असे. लंडनचे सराफ लोकांच्या ठेवी घेत आणि त्या रकमा राजाला व्याजाने देत. १६७२ च्या जानेवारीत डच लोकांशी लढाई करण्यासाठी आरमार सज्ज करावयाचे होते. राजाने काय करावे? त्याने सरळ फर्मान काढले, की खजिन्यातून सराफांची देणी तूर्त द्यावयाची नाहीत! सुमारे १३ लक्ष पौंड अडकले. सराफ बुडाले, आणि त्यांच्याकडे ज्यांनी पुंजी ठेवली होती त्यांच्याही तोंडचे पाणी पळाले.

पुढे १६७७ साली राजाने तडजोड केली. मुद्दल नाही, पण सालीना ६ टक्के व्याज अबकारी उत्पन्नातून देण्याचे लेखी वचन दिले. काही वर्षे ते मिळाले आणि १६८३ पासून तेही थांबले. चार्ल्स गेला, त्याचा भाऊ गेला, तिसरा विल्यम गादीवर आला. तेव्हा सराफ कोर्टात गेले आणि जिंकले. पण १६९६ साली सॉमर्स या वरिष्ठ न्यायाधिकाऱ्याने तो निकाल फिरवला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की देणे खरे असले, तरी खजिना उघडण्याचा हुकूम त्या कोर्टाला करता येत नाही; त्यासाठी राजाकडेच अर्ज करावयास हवा. अखेर १७०० साली उमरावांच्या सभेने सराफांचा हक्क पुन्हा मान्य केला.

आता तरी सगळा पैसा मिळाला म्हणता? छे! पार्लमेंटने कायदा केला, की १७०५ च्या डिसेंबरअखेरपासून ६ ऐवजी ३ टक्के व्याज द्यावे, आणि निम्मे मुद्दल दिले की सरकार मोकळे. तेहतीस वर्षांनी निम्म्यावर बोळवण झाली! न्यायाधीश देणे ठरवू शकतो. पण तिजोरीची किल्ली कुणाच्या हातात, हा प्रश्न त्या खटल्याने उघडा पाडला.

हाच प्रश्न इंग्रजी कायद्याबरोबर आपल्या देशात आला. कंपनी ही मुळात व्यापारी मंडळी, त्यामुळे तिच्यावर दावा लावता येत असे. १८५८ साली कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले, तेव्हाच्या कायद्याने भारतमंत्र्यावरही तसाच दावा लावण्याची मुभा ठेवली. ही जमेची बाजू झाली. पण १९०८ च्या दिवाणी कायद्याने सरकारी देण्याला वेगळी चाल घालून दिली. हुकूमनाम्यात मुदत घालावयाची. त्या मुदतीत पैसा आला नाही, तर कोर्टाने सरकारलाच कळवावयाचे. आणि त्यानंतर तीन महिने वाट पाहून मग वसुलीस हात घालावयाचा. सामान्य ऋणकोला अशी सवलत नव्हती. १९७६ च्या दुरुस्तीने ही वाट जरा सरळ केली. आता हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीन महिने पैसा आला नाही, तर वसुलीची दरखास्त पुढे चालते.

दरम्यान १९५० साली आपले संविधान आले. कोर्टाच्या निवाड्यापोटी द्यावयाची रक्कम हा खर्च संविधानाने 'भारित' ठरवला आहे. म्हणजे काय? शाळा, रस्ते, दवाखाने यांच्या खर्चाला विधानसभेची मंजुरी मतांनी घ्यावी लागते. भारित खर्च मताला टाकावाच लागत नाही. तो राज्याच्या एकत्रित निधीवरचा पहिल्या पंक्तीचा बोजा असतो. चार्ल्सच्या काळी जी किल्ली राजाच्या कमरेला होती, ती संविधानाने कायद्याच्या खुंटीला टांगली.

मग उशीर का होतो? आपल्या गावचेच उदाहरण घेऊ. पाझर तलावासाठी, कालव्यासाठी किंवा रस्त्यासाठी जमीन गेली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली अधिकाऱ्याने मोबदला ठरवला. शेतकऱ्याला तो कमी वाटला, म्हणून तो कोर्टात गेला, आणि कोर्टाने वाढीव मोबदला दिला. येथवर दहा-बारा वर्षे सहज जातात. पुढे निकालाची नकल निघते, अपील करावे की नाही यावर सरकारी वकिलाचे मत मागवले जाते, कागद एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो, तरतुदीची मागणी होते, मार्चअखेर येते, साल उलटते. विधानसभेला नाही म्हणता येत नाही हे खरे; पण कागद टेबलावर पडून राहू नये, याची तरतूद कोणत्या संविधानात लिहावी? शेवटी बेलीफ जप्तीचे वॉरंट घेऊन कचेरीत जातो, आणि साहेबांची खुर्ची नि गाडी जप्त झाल्याची बातमी वर्तमानपत्रात येते. लोकांना गंमत वाटते. पण ज्याची जमीन पाण्याखाली गेली, तो कधीकधी ही गंमत पाहण्यास उरलेलाच नसतो. दरखास्तीवर त्याच्या वारसांची नावे चढलेली असतात.

शिक्षक बंधुभगिनींनी आणखी एक हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. १९८४ च्या दुरुस्तीने वाढीव मोबदल्यावर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे दरसाल १५ टक्के व्याज ठरवले. २०१४ च्या १ जानेवारीपासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला, त्यातही हेच दर आहेत. समजा, वाढीव रक्कम १० लाख रुपये आहे आणि सरळव्याजाने ७ वर्षे थकली. पहिल्या वर्षाचे ९० हजार, पुढच्या सहा वर्षांचे ९ लाख. एकूण व्याज ९ लाख ९० हजार, म्हणजे जवळजवळ मुद्दलाइतके! हे व्याज कुठल्या साहेबाच्या पगारातून जात नाही. तुमच्या आमच्या करातून जाते.

म्हणून ज्याच्या हाती हुकूमनामा आहे, त्याने निकाल लागला म्हणून घरी बसू नये. निकालाची सहीशिक्क्याची नकल जपून ठेवावी. रक्कम वसूल करण्याची दरखास्त १२ वर्षांच्या आत करावी लागते, हे विसरू नये. घरातला कर्ता गेला, तर वारसांनी आपली नावे वेळेवर लावून घ्यावीत. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रियांना, अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना १९८७ च्या कायद्याने तेथे फुकट मदत मिळते.

आणि कचेरीत बसणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चार्ल्स राजा म्हणू शकत होता, की खजिना माझा आहे. आजची तिजोरी कोणा राजाची नाही. ज्या शेतकऱ्याचे देणे थकले आहे, त्याचाही पैसा तिच्यात आहे. त्याचे देणे वेळेवर चुकवणे म्हणजे उपकार नव्हे. तो राज्यकारभाराचा साधा हिशेब आहे.