टॅबसाठी जीपीएस रिसीव्हर घेताना काय बघावे?

शेताचा नकाशा, पाइपलाइनचा मार्ग किंवा विहिरीची जागा टॅबवर टिपायची असेल तर आधी अचूकता किती हवी ते ठरवा. मोकळ्या आभाळाखाली मोबाइलच्या जीपीएसमध्ये साधारण ५ मीटरची चूक धरावी लागते. झाडी किंवा उंच भिंत आली की ती वाढते. गुंठा बेळगावात मोजा की कोल्हापुरात, ३३ बाय ३३ फूटच. म्हणजे एक बाजू जेमतेम १० मीटर. बांधाचा वाद अशा मोजणीने मिटत नाही, उलट पेटतो.

प्रत्येक टॅबमध्ये जीपीएस असतेच असे नाही. नुसत्या वाय-फायच्या आयपॅडमध्ये ते नसते, सिमवाल्यात असते. नसेल तर ब्लूटूथचा बाहेरचा रिसीव्हर घ्यावा लागतो. तेव्हा हे तपासा:

- जोडणी: अँड्रॉइडवर डेव्हलपर ऑप्शनमध्ये ‘मॉक लोकेशन’ ॲप निवडावे लागते. आयपॅडला तो रिसीव्हर चालतो का, हे दुकानातच जोडून बघा.
- फ्रिक्वेन्सी: एल१ सोबत एल५ असेल तर इमारतींवर आपटून येणाऱ्या सिग्नलचा गोंधळ कमी होतो.
- आरटीके: चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. पण त्यासाठी स्वतःचे बेस स्टेशन हवे, नाहीतर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स केंद्रांचा डेटा आणि शिवारात नेट हवे.

रस्ता, विहीर, झाडे टिपायला साधा रिसीव्हर पुरतो. हद्दीचे मात्र वेगळे. मशीन कितीही भारी असो, हद्द कायम करायला महाराष्ट्रात भूमी अभिलेख आणि कर्नाटकात सर्व्हे खात्याचीच मोजणी लागते.