जेथें ग्रंथ छापले गेले

इतिहास पाहावयास जाणें म्हणजे गड चढणें, लेणीं पाहणें किंवा एखाद्या वीराच्या समाधीचें दर्शन घेणें, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा नाहीं. परंतु अपुरा आहे. ज्या छापील अक्षरांनीं तो इतिहास आपल्या घरीं आणून पोंचविला, त्यांचींही कांहीं स्थानें आहेत. तीं पाहावयास मात्र फारसें कोणी जात नाहीं. मुलांना इतिहास शिकवितांना मला असें आढळून आलें कीं, सन आणि नांवें घोकून जें ध्यानांत राहत नाहीं, तें प्रत्यक्ष जागा आणि प्रत्यक्ष पुस्तक पाहिलें म्हणजे सहज राहतें. अशाच एका यात्रेची वाट आज मी आपणांस दाखविणार आहें.

आरंभ जुन्या गोव्यांत करावा. तेथें सेंट पॉल विद्यालयाच्या दर्शनी भागाची एक कमान काय ती आज उभी आहे. इ. स. १५५६ मध्यें ॲबिसीनियाकडे निघालेला एक छापखाना गोव्यास उतरला तो तेथेंच राहिला, आणि हिंदुस्थानांतील मुद्रणास आरंभ झाला. तेथून साष्टींतील रायतूर गांठावें. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें ओवीबद्ध मराठींत रचलेलें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं येथें छापलें गेलें. भाषा मराठी, पण लिपी मात्र रोमन! याचें कारण खिळ्यांत आहे. रोमन लिपीचें काम थोड्या खिळ्यांवर भागतें; देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरें मिळून कित्येक शें खिळे लागतात. प्रत्येक अक्षर आधीं पोलादावर कोरावयाचें, त्याचा ठसा तांब्यावर उठवावयाचा, आणि मग त्या साच्यांत खिळा ओतावयाचा. हें काम दोन-चार माणसांच्या आवांक्यांतलें नव्हे.

या ग्रंथाची पुढील कथा विलक्षण आहे. १६४९ आणि १६५४ सालीं तो पुन्हां छापला गेला; तरीही या तीन आवृत्त्यांपैकीं एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध हुकूमच काढला. ग्रंथ वांचला तो भाविकांनीं हातानें उतरून ठेवलेल्या नकलांमुळें. त्यांच्या आधारें १९०७ सालीं तो मंगळूर येथें पुन्हां छापला गेला. पुस्तक छापलें म्हणजे तें अमर झालें, या आपल्या समजुतीला एवढें एक उदाहरण पुरे आहे.

दुसरा मुक्काम मिरजेचा. नाना फडणविसांच्या काळीं पुण्यांत तांब्याच्या पत्र्यावर गीता कोरून छापण्याची खटपट सुरू झाली. नानांच्या मृत्यूनंतर ती विद्या मिरजेस गेली आणि पटवर्धनांच्या आश्रयानें १८०५ सालीं गीता छापून निघाली. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं बंगालमध्यें श्रीरामपूर येथें विल्यम कॅरीचें मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनीं छापलें गेलें. कोरलेला पत्रा एकाच पानाच्या उपयोगी पडतो. खिळे मात्र पान छापून झालें कीं सुटे करून पुन्हां जुळवितां येतात. म्हणूनच मिरजेचा प्रयत्न कौतुकाचा विषय होऊन राहिला, आणि श्रीरामपूरची रीत पुढें सर्वत्र चालली.

तिसरा मुक्काम मुंबई. येथें अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यानें देवनागरी खिळे घडविले. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें. छापील कागदाचा विटाळ मानणाऱ्या मंडळींसाठीं त्यांनीं शाईंत चरबीऐवजीं तूप वापरल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. मिशनच्या त्याच छापखान्यांत खिळे घांसावयास लागलेला जावजी दादाजी नांवाचा एक गरीब मुलगा पुढें १८६९ मध्यें निर्णयसागर छापखान्याचा धनी झाला, आणि त्याच्या सुबक अक्षरांतले संस्कृत ग्रंथ देशोदेशीं गेले. कारागिरी एका हातांतून दुसऱ्या हातांत कशी जाते, याचा याहून चांगला धडा कोणता?

आतां शेवटचा मुक्काम, आपल्याच गांवचें जुनें ग्रंथालय. ठाण्यास १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, मुंबईस १८९८ पासून. तेथें मुलांना घेऊन जावें आणि परवानगी घेऊन जुनीं पानें पाहावींत. पानाच्या पाठीवरून हलकेंच बोट फिरविलें तर खिळ्यांचा दाब पुष्कळदां हातास लागतो. शिळाछापाचें पान सपाट असतें. मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव पाहावें. तें घालण्याचें बंधन १८६७ च्या कायद्यांत होतें. कागदही पाहावा. चिंध्यांच्या लगद्याचा शंभर-दोनशें वर्षांपूर्वींचा कागद अजून चिवट असतो. लांकडाच्या लगद्याचा त्यामागून आलेला कागद पिवळा पडून हातांत मोडतो. म्हणजे आजोबांच्या पुस्तकांपेक्षां पणजोबांचीं पुस्तकें बळकट, आणि अधिक धोक्यांत आहेत तीं आपल्याच कपाटांतलीं!

म्हणून एक विनंति. घर बदलतांना, किंवा वडील माणसांच्या मागें कपाटें रिकामीं करतांना, जुनीं पुस्तकें एकदम रद्दींत घालूं नयेत. प्रत्येकाचें पहिलें पान उघडून गांव, छापखाना आणि शक वाचावा, आणि संशय वाटल्यास जवळच्या ग्रंथपालास दाखवावें. रायतूरचीं छापील पानें गेलीं तरी नकला करणारे हात होते. आज तसे हात थोडे राहिले आहेत; तेव्हां जें पान उरलें आहे, तें जपणें हेंच आपल्या पिढीचें काम.