अळीची माशी होत नाही

हसनाबादच्या आमच्या माळवदाच्या घरात भिंतीवर कुंभारणीचं मातीचं घरटं हमखास असायचं. आजी ते पाडू द्यायची नाही. आत अळी कोंडलेली असते, ती भीतीनं कुंभारणीचाच ध्यास घेते आणि शेवटी स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते, असं ती सांगायची.

गोष्ट आजीची नव्हे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या २४ गुरूंमध्ये ही माशी आहे. त्याच स्कंधावरची टीका पैठणच्या एकनाथांनी १५७३ साली काशीत पूर्ण केली. (जालना जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. त्याआधी हसनाबाद नि पैठण एकाच जिल्ह्यात होते, म्हणजे गोष्ट घरचीच.)

मी अडलो तो अंगणात. कुंभारीण भिंतीवर माती थापते, पण तिच्या काही भावकीतल्या माश्या जमीन उकरून घर करतात. अशीच एक चकचकीत हिरवी माशी आपल्याहून मोठा रातकिडा ओढत नेत होती. आणि त्याच्या मिशा हलत होत्या!

अशा बिळांतले भुंगेरे सडत का नाहीत, हा प्रश्न फ्रान्समध्ये लेओं द्यूफूरला पडला होता. माशीचं विष म्हणजे लोणच्यातलं मीठ, मेलेलं टिकवणारं, असं त्याला वाटलं. १८५५ साली झाँ-आंरी फाब्र या शाळामास्तरानं ते खोडून काढलं. त्यानं त्या भुंगेऱ्यांना विजेचा झटका दिला, तर पाय हलले. ते मेलेले नव्हतेच, लुळे पडले होते. पुढं त्यानं रातकिडे धरणारी माशी पाहिली: एका कप्प्यात तीन-चार रातकिडे, त्यातल्या एकाच्या छातीवर एक अंडं. अंड्यातून निघालेली अळी ते जिवंत अन्न खाऊन मोठी होते.

कुंभारणीचंही तसंच. आपल्या लोकांनी आत जाणारी अळी पाहिली, बाहेर येणारी माशी पाहिली. दोन्ही खरंच पाहिलं. मधलं अंडं तेवढं मातीआड राहिलं.

गेल्या सुट्टीत मी हे आजीला सांगितलं, मोबाईलवर फोटोही दाखवले. ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, “म्हंजे ती अळी काईच होत नाही? नुसती खाऊन टाकतेत तिला?”

मी हो म्हणालो. घरटं अजून भिंतीवरच आहे.