मधुमेह आणि दाह : एका उपेक्षित संबंधाचा इतिहास

मधुमेहाचा इतिहास बहुधा साखरेचा आणि इन्शुलिनचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १९२१-२२ मध्ये टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड व कॉलिप यांनी जे कार्य केले, त्याच्या तेजात या रोगाची दुसरी एक बाजू दीर्घकाळ झाकोळून गेली. ती बाजू म्हणजे रक्तातील साखर आणि शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी यांचा परस्परसंबंध होय. २०२१ च्या उन्हाळ्यात नाशिकसह महाराष्ट्रातील अनेक शहरांत जे घडले, त्याने ही बाजू अत्यंत दुःखद रीतीने उजेडात आणली.

त्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्याची गणना देशातील सर्वाधिक कोविडग्रस्त जिल्ह्यांत होत होती. साथ ओसरू लागते न लागते तोच, बरे होऊन घरी परतलेल्या रुग्णांपैकी काहींचा गाल बधिर होऊ लागला, डोळा सुजू लागला, टाळूवर काळा डाग दिसू लागला. हा म्युकरमायकोसिस अथवा लोकभाषेतील ‘काळी बुरशी’. या बुरशीचे बीजाणू माती, शेणखत व कुजलेला पालापाचोळा यांत सर्वत्र असतात. निरोगी मनुष्य ते नित्य श्वासावाटे घेतो आणि त्यास काहीही होत नाही. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना हा रोग १८९७ च्या साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. मुंबई इलाख्यातील प्लेगाच्या धामधुमीत जन्मलेला कायदा माणसाकडून माणसास न लागणाऱ्या रोगास लावला जावा, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारा आहे. जूनअखेर देशात चाळीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्र व गुजरात त्यांत अग्रभागी होते, आणि नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६४ टक्के मधुमेही होते.

मधुमेह्याच्या अंगावर गळवे उठतात, जखम चिघळते, हे निरीक्षण नवे नाही. चरकाने सात व सुश्रुताने दहा प्रमेहपिडका सांगितल्या असून, रोगाची उपेक्षा केल्याने त्या उद्भवतात असे चरकाचे मत आहे. प्रमेह म्हणजेच आजचा मधुमेह असे सरसकट समीकरण मांडणे धाडसाचे ठरेल. तथापि मूत्रातील माधुर्य आणि देहावरील विद्रधी यांची सांगड त्या काळी घातली गेली होती, एवढे निश्चित. पुढील काळातील सर्वसाधारण स्पष्टीकरण मात्र अगदी साधे होते : गोड रक्त हे जंतूंचे खाद्य. या स्पष्टीकरणात पांढऱ्या पेशीला स्थानच नव्हते. मेचनिकॉफने १८८२ मध्ये मेसिना येथे भक्षक पेशींचे कार्य ओळखले, त्यानंतरही मधुमेहाच्या विचारात तिचा शिरकाव होण्यास बराच काळ जावा लागला.

याहून उद्बोधक कथा सॅलिसिलेटची आहे. १८७६ मध्ये जर्मन वैद्य विल्हेल्म एब्स्टाइन याने सोडियम सॅलिसिलेट दिल्यावर मधुमेह्यांच्या मूत्रातील साखर कमी होते असे नोंदविले. १९०१ मध्ये मँचेस्टरच्या विल्यमसनने त्यास दुजोरा दिला. दाह शमविणाऱ्या औषधाने साखर का उतरावी, याचे उत्तर त्या काळच्या शास्त्राजवळ नव्हते. इन्शुलिन आल्यावर प्रश्न विचारण्याचे कारणही उरले नाही. १९५७ मध्ये ब्रिटिश वैद्यांनी ॲस्पिरिनविषयी तीच गोष्ट पुन्हा सांगितली आणि तीही मागे पडली. ज्या निरीक्षणास सिद्धान्ताचा आधार नाही ते विस्मृतीत जाते, याचे इतके स्वच्छ उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

तो आधार १९९३ मध्ये मिळू लागला. होतामिश्लिगिल व स्पीगेलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या मेदात टीएनएफ-आल्फा हे दाहकारक द्रव्य तयार होते व ते इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणते असे दाखविले. २००३ मध्ये मेदात महाभक्षी पेशी दाटीने जमतात हेही स्पष्ट झाले. मेद म्हणजे केवळ साठवणीचे कोठार, ही समजूत तेथे संपली. महाराष्ट्राच्या दृष्टीने येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाचे विशेष महत्त्व आहे. पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालके इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांहून वजनाने बरीच कमी, परंतु त्यांचे मेदाचे प्रमाण मात्र त्या मानाने टिकून, असे त्यांना आढळले. कृश दिसणाऱ्या देहात मेद दडलेला असतो. आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात शहरी मध्यमवर्गीय पुरुषांत मेद व दाहसूचक द्रव्ये खेड्यातील पुरुषांपेक्षा अधिक दिसली.

हे झाले दाहापासून साखरेकडे. उलट दिशेचा पुरावा २००२ मध्ये इटलीत मिळाला. एस्पोझिटो व सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांची रक्तशर्करा पाच तास सुमारे २७० मिलिग्रॅमवर धरून ठेवली, तेव्हा निरोगी माणसांतही रक्तातील दाहकारक द्रव्ये वाढली. साखर सलग चढती ठेवण्यापेक्षा तिचे लागोपाठ हेलकावे अधिक त्रासदायक ठरले. २०२० मध्ये ब्राझीलमधील कांपिनास येथील संशोधकांनी दाखविले की कोविडच्या विषाणूने ग्रासलेल्या एककेंद्रक पेशी साखर अधिक वापरू लागतात, आणि भोवती साखर जितकी अधिक तितकी विषाणूची वाढ व दाह अधिक.

येथे एक विसंगती उभी राहते. पेशी जर इतक्या प्रक्षुब्ध असतात, तर त्या बुरशीपुढे हतबल का होतात? प्रक्षोभ आणि पराक्रम या दोन भिन्न गोष्टी आहेत, असेच याचे उत्तर दिसते. अतिरिक्त साखरेचे रूपांतर करताना पेशीतील जी क्षपणशक्ती खर्ची पडते, तीच भक्षक पेशीला जंतू मारणारे प्राणवायूचे उग्र रेणू निर्माण करण्यास हवी असते. त्यातच रक्त आम्लधर्मी झाले की प्रथिनांशी बद्ध असलेले लोह सुटते व बुरशीला मिळते. २०२१ मध्ये यावर स्टेरॉइडांची भर पडली. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीने डेक्सामेथासोन प्राणवायूवरील रुग्णांचे प्राण वाचविते हे सिद्ध केले होते. प्राणवायू न लागणाऱ्यांना त्याचा लाभ दिसला नव्हता. ते औषध दाह शमविते, पण साखर चढविते आणि भक्षक पेशींनाही दुर्बल करते. ज्याची साखर मोजलीच गेली नाही, त्याच्या बाबतीत उपचार आणि अपाय एकाच सुईतून गेले. यात वैद्यांना दोष देणे सोपे आहे. खाटा आणि प्राणवायू यांसाठी धावपळ चाललेल्या त्या आठवड्यांचे स्मरण ठेवूनच तो द्यावा.

एब्स्टाइनच्या निरीक्षणाची रीतसर परीक्षा अखेर २०१३ मध्ये झाली. अमेरिकेतील चाचणीत सालसालेट ४८ आठवडे दिल्यावर मधुमेह्यांचे ग्लायकेटेड हिमोग्लोबिन ०.३७ टक्क्याने अधिक उतरले, मात्र मूत्रातील अल्ब्युमिन वाढले. २०१७ च्या चाचणीत इंटरल्युकिन-१ ला रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबने हृदयविकाराचे झटके कमी केले, पण नव्या मधुमेहास ते थोपवू शकले नाही.