लसीनंतर बाळाला ताप का येतो? पुढचे डोस का चुकवू नयेत?

बाळाला लस दिल्यावर अंग तापले किंवा मांडीला सूज आली, तर अनेक पालक पुढच्या डोसला जाणे टाळतात. हा ताप कशाचा, हे समजून घ्या.

शरीरात काय घडते?
बाहेरचा जंतू शरीरात शिरला की रक्तातील पांढऱ्या पेशी त्याला परका म्हणून ओळखतात. काही पेशी त्याला गिळतात, तर काही त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात. लढाई संपल्यावर थोड्या पेशी 'स्मृतिपेशी' म्हणून उरतात. तोच जंतू पुन्हा आला, तर त्या लगेच कामाला लागतात.

लसीत मारलेला किंवा दुबळा केलेला जंतू, त्याचा अंश किंवा निकामी केलेले विष असते. त्यामुळे आजार न होता शरीराला ही ओळख मिळते. पेशी कामाला लागल्या की थोडा ताप, सूज किंवा किरकिर होऊ शकते. हा त्रास बहुधा एक-दोन दिवसांत जातो. ताप आला नाही, तरी लस काम करतेच.

एकच डोस का पुरत नाही?
पेंटाव्हॅलंट लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब या पाच आजारांपासून वाचवते. पहिल्या डोसाने ओळख होते, पण संरक्षण अपुरे राहते. पुढच्या डोसांनी प्रतिपिंडे वाढतात आणि स्मृती पक्की होते.

कोणती लस केव्हा?
• जन्मताच: बीसीजी, पोलिओ थेंब, कावीळ-ब (24 तासांच्या आत)
• 6, 10 आणि 14 आठवडे: पेंटाव्हॅलंट, पोलिओ थेंब, रोटाव्हायरस
• 6 आणि 14 आठवडे: पोलिओचे इंजेक्शन व न्यूमोकोकल लसही
• 9 ते 12 महिने: गोवर-रुबेला पहिला डोस
• 16 ते 24 महिने: गोवर-रुबेला दुसरा डोस, डीपीटी बूस्टर
या यादीखेरीज इतर डोसांच्या तारखा कार्डावर पाहा.

भिलाईत लस कुठे मिळेल?
1985 मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात या लसी मोफत आहेत. आपल्या वस्तीतील मितानिन किंवा अंगणवाडी ताईंना लसीकरणाचा दिवस विचारा. सुपेला येथील लाल बहादूर शास्त्री शासकीय रुग्णालयातही चौकशी करता येईल.

बाळंतपण माहेरी, गोंदिया किंवा नागपूरला झाले असेल, तर तिथले माता-बाल संरक्षण कार्ड भिलाईला परत येताना सोबत आणा. पुढचे डोस इथे घेता येतात.

डोस चुकला तर?
पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. स्मृतिपेशी टिकून असतात, म्हणून राहिलेल्या डोसापासून पुढे चालू करता येते. मात्र काही लसींना वयाची मर्यादा आहे. म्हणून कार्ड घेऊन लवकर जा.

काळजी कशी घ्यावी?
• लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबा.
• अंगावरचे दूध चालू ठेवा.
• तापाचे औषध एएनएम ताई सांगतील तेवढेच द्या.
• सूज चोळू नका, त्यावर काही लावू नका.
• बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन व्रण राहतो. तो फोडू नका.

झटके आले, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा बाळ सुस्त पडले, तर 108 वर फोन करा. ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर बाळाला डॉक्टरांना दाखवा.